काकांचं मशीन आणि काकूंची अट

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कसला नाद लागेल, काही सांगता येत नाही. लिफ्टकाकांना वाळू उकरायचा लागला. "आयुष्य वरखाली करण्यात गेलं, आता जरा आडवं चालू," असं ते ज्याला त्याला सांगायचे, आणि सांगून झालं की समोरचा हसला का, हेही बघायचे. तर या काकांनी एक दिवस बायकोला न विचारता धातू शोधायचं मशीन घरी आणलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी तबकडी, वर हाताशी छोटासा पडदा. तबकडी जमिनीवरून हळूहळू फिरवायची, खाली धातू असला की मशीन वाजतं. लोखंड असेल तर घोगरं गुरगुरतं, पितळ असेल तर मधल्या सुरात बोलतं आणि चांदीसोनं असेल तर एकदम बारीक, वरच्या पट्टीतली शिट्टी मारतं. काकांनी माहितीपुस्तक तीनदा वाचलं. लिफ्टचं कधी एकदासुद्धा वाचलं नव्हतं.

घरात मशीनवरून भांडण झालं नाही. भांडण कानांवरून होतं, आणि ते दोन वर्षं चाललं होतं. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना बातम्या फुकट ऐकू जातील इतका मोठा असायचा. दाराची घंटा वाजून वाजून दमायची आणि काका पेपर वाचत बसलेले. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, कानाच्या डॉक्टरांची आणि तिची ओळख होती. तिने चार वेळा तपासणीची वेळ घेतली आणि काकांनी चारही वेळा दांडी मारली. एकदा डोकं दुखत होतं, एकदा पाऊस होता, एकदा तर "अमक्या इमारतीत लिफ्ट अडकलीय" म्हणून निघून गेले, निवृत्त होऊन सात महिने झाले असताना.

"मला सगळं स्पष्ट ऐकू येतं," काका म्हणायचे. "लोकच पुटपुटतात. आणि तुझ्या आईचं तर विचारूच नको."

यात थोडं तथ्य होतं. काकूंची सगळी नोकरी वाचनालयात गेली होती. तिथे हळू बोलायची जी सवय लागली, ती घरात रागवतानाही सुटली नाही. काकू भांडायच्या तेसुद्धा शेजारच्या टेबलावरच्या वाचकाला त्रास होणार नाही अशा बेताने.

पण काकांचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना काम शिकवलं ते उस्तादांनी. उस्तादांच्या कानात शेवटच्या वर्षी यंत्र आलं. आधी सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, मग कमी बोलायला लागले, आणि शेवटी चहाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे ग्लास सरकवायचा आणि बाकीच्यांनी आपापसात गप्पा मारायच्या, असं चालू झालं. ग्लास सरकवणाऱ्यांत काकाही होते. उस्ताद मान हलवत, न ऐकलेल्या विनोदांवर हसत बसायचे. ते हसू काकांच्या डोळ्यांपुढून जात नसे. तपासणीचं नाव निघालं की त्यांच्या तोंडातून "पुटपुटू नका" बाहेर पडायचं.

शेवटी काकूंनीच तोडगा काढला.

"आपण सहा दिवस समुद्रावर जाऊ," त्या म्हणाल्या, आणि हे त्या मुद्दाम समोर येऊन म्हणाल्या. "मशीन घ्या बरोबर. कपाटात दर्शनी भागात ठेवावी अशी एक वस्तू शोधून दाखवा. दाखवलीत, तर तुमच्या कानांचं नाव मी जन्मात काढणार नाही. नाही दाखवलीत, तर परत आल्यावर सोमवारी तपासणी. मुकाट्याने."

"एक वस्तू?" काका म्हणाले. "पोतं आण बरोबर."

पहिल्या दिवशी सकाळी काका किनाऱ्यावर उतरले ते पायात बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट घालून. कंपनीचा नियमच होता, या बुटांशिवाय कामावर पाऊल ठेवायचं नाही. आणि काकांच्या लेखी हे कामच होतं. आसपास लोक अनवाणी फिरत होते, पोरं पाण्यात डुंबत होती आणि त्यांच्यामधून काका बांधकामाच्या पाहणीला आल्यासारखे चालले होते. कानावर हेडफोन. मागे चार पावलांवर काकू, छत्री धरून.

मशीन वाजलं. काकांची कामाची पद्धत अशी, की जागा सापडली की तिथे पाय रोवायचा, म्हणजे खूण हरवत नाही. पाय रोवून त्यांनी तबकडी पुन्हा फिरवली. मशीन जोरात गुरगुरलं. खणलं. काही नाही. पाय दोन इंच सरकवून पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. असे अकरा खड्डे झाले. बारावा निम्मा झाला तेव्हा काकूंनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि बुटाकडे बोट दाखवलं.

काकांनी बुटावरून तबकडी फिरवली. मशीन जीव तोडून ओरडलं.

"म्हणजे अर्धा दिवस मी स्वतःचाच पाय शोधत होतो," काका म्हणाले. काकू इतक्या हसल्या की छत्री हातातून सुटली आणि वाऱ्याने तिला पार मासे वाळत घातले होते तिथवर नेलं. मग बूट काढून काका अनवाणी फिरले. दुपारच्या वाळूने तळव्यांना फोड आणले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पायात काकूंच्या फुलाफुलांच्या रबरी चपला आल्या.

दुसऱ्या दिवशी लाट आली. लाटा समुद्रावर येतातच, पण ही नेमकी काका वाकलेले असताना पाठीमागून आली. चपला एकीकडे, काका एकीकडे आणि मशीन पाण्याखाली. बाहेर काढलं तेव्हा पडद्याच्या आत पाणी हेलकावत होतं. खाली कोणता धातू आहे ते सांगणारे आकडे गायब झाले होते, ते परत आलेच नाहीत. आवाज मात्र शाबूत होता.

"काही बिघडत नाही," काका कपडे पिळत म्हणाले. "पडदा शिकाऊ लोकांना लागतो. मी नुसत्या आवाजावरून लिफ्टचा दोष सांगितलाय, तोही चौथ्या मजल्यावरून."

काकू काहीतरी म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले.

तिसरा दिवस तर लक्षात ठेवण्यासारखा. ते उतरले होते त्या घरगुती लॉजच्या मागे वाळूचा एक पट्टा होता. तिथे मशीन असं गुरगुरलं की काका जागीच गुडघ्यांवर बसले. लांबच लांब वस्तू. पेटीची कड असावी! काकांनी फावड्याने सपासप वाळू उपसली, शेवटचा घाव जरा जोरात बसला आणि खड्ड्यातून पाण्याचा फवारा थेट त्यांच्या नाकात गेला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून लॉजच्या मालकीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. डोक्याला साबणाचा फेस होता.

"काका! नळाचं पाणी गेलं! तुम्ही काय करताय तिथे?"

काका काय करत होते ते बाईंना वरून चांगलंच दिसत होतं.

आता पाइप फोडणारा माणूस लिफ्टचा मेकॅनिक असला की पुढचं ठरलेलंच. अर्ध्या तासात काकांनी जोड बसवला, आधीपेक्षा पक्का. मालकीणबाईंचा राग निवळला आणि त्याची जागा एका बेताने घेतली. "काका, तो पंखा जरा बघता का? आणि मागच्या दाराची कडी? आणि तो मिक्सर नुसताच घूं घूं करतो..." संध्याकाळपर्यंत लॉजमधल्या सात वस्तू दुरुस्त झाल्या. किनाऱ्यावरची एकही वस्तू सापडली नाही.

चौथ्या दिवशी साखळी लागली. जाड, वजनदार, ओढावी तितकी येणारी. काका घामाघूम होऊन ओढत राहिले. टोकाला एक मोठा लोखंडी नांगर निघाला, आणि त्याच वेळी पलीकडे ओहोटीच्या पाण्यात एक होडी निवांतपणे किनाऱ्यापासून लांब जायला लागली. होडीवाला चहा टाकून धावत आला. तो जे बोलला ते काकांना शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि तो गेल्यावर त्यांनी काकूंना तेच पुरावा म्हणून सांगितलं. "बघ. कोण म्हणतं मला ऐकू येत नाही?"

"तो तर पलीकडच्या गावालाही ऐकू गेला असेल," काकू म्हणाल्या. हे मात्र काकांना ऐकू आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी लॉजच्या कुत्र्याने हेडफोन खाल्ले. दोन्ही बाजूंच्या गाद्या आणि मधली वायर. मालकीणबाईंनी कुत्र्याला फटका मारला, कुत्र्याने काकांकडे बघून शेपटी हलवली. त्या दिवशी उन्हाने काकांची मानही भाजून निघाली होती. ते दिवसभर खोलीत पालथे पडून राहिले आणि काकू त्यांच्या मानेवर ओलं फडकं ठेवत राहिल्या. टेबलावर चार दिवसांची कमाई मांडली होती. खिळे, नटबोल्ट, बाटल्यांची झाकणं, एका फावड्याचं तुटकं पातं, बिजागरी, पुन्हा खिळे. काकांनी ते उशीवरून एका डोळ्याने पाहिलं.

"नशीबच फुटकं," ते म्हणाले. "इतक्या लोकांचं इतकं काय काय वाळूत पडत असेल. माझ्याच वाट्याला गंजकं लोखंड."

काकूंनी फडकं उलटं केलं. एवढी गप्प बसायला लागलीय, समुद्र हिला मानवला, असं काकांना वाटलं आणि जरा बरंही वाटलं. आपलं काही होवो, हिची तरी विश्रांती झाली.

सहाव्या दिवशी बारा वाजता बस होती. सामान बांधून झालं होतं. काकांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता, कारण सोमवार आता फक्त दोन दिवसांवर होता.

"तासभर आहे अजून," काकू म्हणाल्या आणि छत्री उचलली. "चला, शेवटचं फिरवून या. मीही येते."

हेडफोन नव्हते म्हणून मशीनचा आवाज आता दांड्यावरच्या छोट्या स्पीकरमधून, सगळ्यांना ऐकू येईल असा बाहेर पडत होता. काका पुढे, काकू मागे. खडकांपाशी वळून ते परत फिरले, आणि मागून काकूंनी त्यांचा सदरा ओढला.

"अहो, वाजलं की!"

"काय वाजलं?"

"मशीन. शिट्टी वाजली बारीक."

काकांनी तबकडी मागे नेली, पुन्हा त्याच जागेवरून फिरवली. लाटांचा आवाज येत होता. बाकी काही नाही.

"हे बघ, वाजलं नाही."

"आत्ता वाजलं. हे, आत्ता पुन्हा."

काकांना आधी वाटलं ही थट्टा करतेय. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मग वाटलं, हिच्याच कानात काहीतरी होत असेल. पण चौतीस वर्षं दोष शोधणारा माणूस वाटण्यावर थांबत नाही. लिफ्ट अडकली की काकांची एकच रीत होती. कशात बिघाड असेल याचा विचार करत बसायचं नाही. जे ठीक आहे ते एकेक करून बाजूला काढायचं, उरेल तिथे बिघाड.

"पाठ कर माझ्याकडे," ते म्हणाले. "डोळे मीट. वाजलं की हात वर कर."

काकू समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकांनी तबकडी चार ठिकाणी फिरवली. हात खाली. पाचव्यांदा त्या जागेवर नेली. हात वर. लांब नेली, हात खाली. आणली, हात वर. अगदी हळू आणली, वेगात आणली, वेडीवाकडी आणली. एकदाही चूक नाही. मशीन ठीक. तबकडी ठीक. बॅटरी ठीक. मग त्यांनी तबकडी त्या जागेवर धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताचं बोट स्पीकरच्या जाळीवर टेकवलं.

जाळी बोटाखाली थरथरत होती. काकूंचा हात वरच होता. आणि काकांच्या कानात नुसता समुद्र होता.

सगळं बाजूला काढून झालं होतं. एकच भाग उरला होता.

काका वाळूत बसले. चार दिवस आपण किती शिट्ट्यांवरून चालत गेलो असू, हे पहिलं त्यांच्या मनात आलं. गुरगुर तेवढी कानात शिरली म्हणून लोखंड तेवढं सापडत गेलं, नशिबाचा काही संबंध नव्हता. मग त्यांनी हातांनीच वाळू उकरली. कोपरभर खाली एक छोटा चमचा निघाला. चांदीचा, काळवंडलेला, दांड्यावर बारीक वेलबुट्टी, बाळाच्या तोंडात मावेल एवढा. सदऱ्यावर घासला तसा तो चमकायला लागला.

"सापडला की हो!" काकू त्यांच्याजवळ बसल्या. चमचा तळहातावर घेऊन उलटसुलट केला. "किती गोड आहे. बस, झालं तर मग. कपाटात मधल्या कप्प्यात ठेवू. अट म्हणजे अट. तुमच्या कानांचं नाव आता काढणार नाही."

दिला शब्द पाळणारी बाई होती ती. खुशीत बोलत होती, पण वाक्याच्या शेवटी तिने नजर चमच्यावरच ठेवली, आणि काकांच्या ते लक्षात आलं. इतकी वर्षं बंद दारामागचा बिघाड ओळखलेला माणूस.

"तू रोज माझ्या मागून चालायचीस," ते म्हणाले. "तेव्हा काही बोलायचीस का?"

"बोलायचे की."

"काय बोललीस?"

"आता काय करायचंय ते? गेलं ते गेलं."

"सांग."

काकूंनी चमचा पदराला पुसला. आणि मग सवयीने हळू नाही, जरा आवाज चढवून सांगितलं. "पहिल्या दिवशी म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण दोघंच कुठे आलोय, मला फार बरं वाटतंय. तुम्ही म्हणालात, 'हो, दुपारी बदलू.'"

"काय बदलू?"

"मला काय ठाऊक? बॅटरी असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाय दुखताहेत, थोडं बसू या. तुम्ही मान हलवलीत आणि चालत राहिलात. चौथ्या दिवशी म्हटलं, तुम्ही त्या होडीवाल्याशी भांडताना तिशीतले दिसत होतात."

"आणि काल?"

"काल नाही बोलले."

"का?"

"पुटपुटायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं हो," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

ते हसू काकांनी आधी पाहिलं होतं. चहाच्या सुट्टीत, उस्तादांच्या तोंडावर. दोन वर्षं त्यांना एकच भीती होती, की एक दिवस आपल्यापुढे ग्लास सरकवून लोक आपापसात बोलत बसतील. आणि या दोन वर्षांत तो ग्लास त्यांनी स्वतःच या बाईपुढे सरकवला होता, रोज, सकाळ-संध्याकाळ, मान हलवून हलवून. काकांना स्वतःचा इतका राग आला की शेजारी पडलेलं फावडं त्यांनी वाळूत भोसकलं आणि खिशातून फोन काढून लेकीला लावला.

"हॅलो? मी बोलतोय," ते ओरडले. "सोमवारची वेळ घेतलीयस ना? मोडू नको. मी येतोय. हो, मीच. नाही, आजारी नाही. काय? काय म्हणतेस?" त्यांनी फोन काकूंपुढे धरला. "ही काय म्हणतेय?"

काकूंनी ऐकलं. "ती म्हणतेय, बाबांना दे, हा कुणीतरी भलताच माणूस बोलतोय."

"तिला सांग, भलता माणूस सोमवारी दहाला हजर असेल."

फोन बंद झाला. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पण अट तर तुम्ही जिंकलात. वस्तू सापडली."

"कुणाला सापडली? शिट्टी कुणी ऐकली?" काकांनी चमचा तिच्या मुठीत दाबला. "मी फक्त खणलं. खणायला काय, कुत्र्यालासुद्धा येतं." मग त्यांनी मशीनचं बटण बंद केलं, ते लांब ठेवलं, छत्री वाळूत रोवली आणि सरकून बायकोच्या अगदी समोर मांडी घालून बसले. "हां. आता बोल. तोंड माझ्याकडे ठेव आणि जरा मोठ्याने."

"काय बोलू?"

"कालचं राहिलंय ते. आणि परवाचं. दोन वर्षांचं असेल ते सगळं."

"वेड लागलंय तुम्हाला," काकू म्हणाल्या. पण त्यांनी पाय पसरले, पदर सावरला आणि बोलायला लागल्या. आधी अडखळत, मग भराभर, हातवारे करत. वाचनालयात कुणी ऐकलं असतं तर बाहेर काढलं असतं, एवढ्या मोठ्याने. काका तिच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होते. एखादा शब्द निसटला की "पुन्हा सांग" म्हणत होते, आणि ती पुन्हा सांगत होती.

बारा वाजता वरच्या रस्त्यावर बसने हॉर्न दिला. थांबून दुसऱ्यांदा दिला, मग तिसऱ्यांदा, आणि बस निघून गेली. काकूंना तिन्ही हॉर्न अगदी स्पष्ट ऐकू आले. त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.